दुसऱ्या बाजूवरचं कुंकू

आधी मागणी, मग पुरावा. पत्रक लिहायला शिकले तेव्हा हेच पहिलं शिकवलं होतं. तर मागणी अशी: या अल्बमला वाईट म्हणणं थांबवा.

म्हाताऱ्यांचा सोळावा अल्बम. आमच्या घरात त्या हेवी मेटल बँडचं नाव 'म्हातारे' असंच होतं आणि इथेही तेच राहू दे. खरं नाव लिहिलं तर वाचणारा आधी फोन काढून रिव्ह्यू शोधेल, आणि त्या रिव्ह्यूंमध्ये काय लिहिलंय ते मला पाठ आहे. थकलेला. मंद. गाणाऱ्याचा आवाज उतरलाय. यांनी फार पूर्वीच घरी बसायला हवं होतं. मी मँचेस्टरला भाडेकरूंच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते आणि भिजत दारोदार वाटते. एका पानात माणसाला जागेवर थांबवायचं असतं, हे मला कळतं. पण एका पानात चार माणसांना घरी बसवायचं, आणि तेही त्यांचं काम एकदा कानावरून जाऊ देऊन, हा माज आहे. दुसरा शब्द मला माहीत नाही.

पुरावा स्लाऊमध्ये होता, आई-बाबांच्या घरी, मागच्या खोलीत, खोक्यात.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचले. आई-बाबा हे घर सोडताहेत. हाउन्सलोला तळमजल्यावरचा फ्लॅट घेतलाय, आता जिने नकोत म्हणून. दार उघडल्या उघडल्या तो वास आला, जो फक्त ऑक्टोबरात येतो: उन्हाळाभर बंद असलेलं हीटिंग पहिल्यांदा लावलं की रेडिएटरवरची धूळ भाजते, त्याचा. त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मागच्या खोलीत आईच्या रेकॉर्ड भरलेली खोकी ओळीने मांडलेली, आणि जमिनीवर, सगळ्यात शेवटी बांधायचा म्हणून, रेकॉर्ड प्लेअर आणि त्याचे दोन लाकडी स्पीकर. लहानपणी माझ्या छातीपर्यंत यायचे ते. आता मांडीपर्यंत.

"उद्या रेडिंगहून माणूस येणार आहे," आई दारात उभी राहून म्हणाली. "रेकॉर्ड घेऊन जायला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"म्हाताऱ्यांच्यासुद्धा?"

"ओरडू नकोस. ओरडलीस की फक्त आवाज मोठा होतो, शब्द नाही."

आईचे कान गेलेत. का गेले ते इथे लिहीत नाही. वय आहे, घराण्यात आहे, तिला विचारलं तर ती तिसरंच काहीतरी लॅटिन सांगेल. ती आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होती, आता निवृत्त आहे. दोन्ही कानांत मशिनं आहेत, वाटाण्याएवढी. त्यांतून बोलणं कळतं. गाणं येतं ते असं, की कोणीतरी स्टीलच्या डब्यात खिळे घालून हलवतंय. हे तिचे शब्द. गेल्या दिवाळीनंतर तिने एकही रेकॉर्ड लावली नव्हती.

"क्लिनिकमध्ये सांगितलंस का? गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून मिळतं."

"त्यांचं क्लिनिक उशिरा चाललं होतं गं. बाहेर माणसं बसली होती. त्यात मी काय गाण्याचं सांगत बसू?"

"आई, तू तिथे पेशंट होतीस. डॉक्टर नव्हतीस."

"मला पत्रक देऊ नकोस."

तिथून मिळालेलं माहितीपत्रक फ्रीजवर मॅग्नेटखाली होतं. मी ते धंद्याच्या नजरेने वाचलं. चहाच्या कपावर वाकून हसणारं जोडपं. संभाषण, टेलिफोन, दाराची बेल, नातवंडं. गाण्याबद्दल एक ओळ नाही. ज्याने ते लिहिलं त्याच्या मते म्हाताऱ्या माणसाला लागतं ते एवढंच: कोणी बोलावलं की ओ देता यावी.

म्हणजे पणाला काय लागलं होतं ते सरळ होतं. उद्या तो माणूस खोकी उचलणार, आणि त्याबरोबर आई गाणं ऐकणारी बाई राहणार नाही. तिने ते ठरवून टाकलं होतं, जसं तिच्या कामात ती ठरवायची, चेहऱ्यावर काही न आणता. आणि मी, जी अनोळखी लोकांच्या दारात उभी राहून त्यांची मनं वळवते, ती माझ्याच घरात, अजून दारात असल्यासारखी, पिशवी हातात धरून उभी होते.

खोक्यात वरूनच ती दिसली. काळं कव्हर, त्यावर राखाडी कवटी, कवटीच्या डोळ्यांतून उगवलेली दोन गिरणीची धुराडी. मी रेकॉर्ड बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरली. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यावर, अजून तो लालसर धब्बा होता. बोटाच्या पेराएवढा.

*

आईला म्हातारे भेटले ते नागपूरच्या मेडिकलच्या हॉस्टेलवर, कॅसेटमधून. तेव्हा ते म्हातारे नव्हते. मी त्या खोलीत कधीच नव्हते, पण मला तिचा वास माहीत आहे, कारण आईने तो इतक्यांदा सांगितलाय: कूलरच्या ओल्या वाळ्याचा, आणि गरम झालेल्या टेपरेकॉर्डरच्या प्लास्टिकचा. कॅसेट कोणा सीनियरची होती, तिच्यावर नाव नव्हतं. परीक्षेच्या आधी मुली स्तोत्र लावायच्या, आई हे लावायची. वॉर्डनबाई दार वाजवायच्या. "काय भांडण चाललंय आत?"

मग इंग्लंड. मग स्लाऊ. बाबा तिच्यामागून आले आणि ट्रेडिंग इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीत, बिस्किटं पॅक करणाऱ्या कारखान्यात, पट्टे दुरुस्त करायला लागले. त्यांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा आणि व्हॅनिलाचा असा एकत्र वास यायचा. अजूनही कुठे व्हॅनिला दरवळला की मला पाना आठवतो, केक नाही.

रविवार ऐकण्याचा. रात्रीची ऑन-कॉल ड्युटी संपवून आई सकाळी यायची, न्हायची, ओल्या केसांना पंचा गुंडाळायची आणि स्पीकरशेजारी जमिनीवर बसायची. खुर्चीत नाही. नियम साधे होते. एक बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. रेकॉर्ड पालटताना काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. त्या वेळात बाबा फोडणीची पोळी करायचे. तेलात मोहरी तडतडायची, आणि दुसऱ्या बाजूवर सुई टेकली की तीही तशीच तडतडायची. माझ्या डोक्यात हे दोन्ही आवाज एकाच कढईतले आहेत.

ऐकताना आईचा तळवा स्पीकरच्या लाकडावर टेकलेला असायचा. मी एकदा विचारलं, का. ती म्हणाली, "सवय." ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी बसून ती झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या फुग्यावर असाच हात ठेवायची, पूर्वी, सगळं मशिनावर जाण्याआधी. कानांआधी हाताला कळतं, असं तिचं म्हणणं.

सोळावा अल्बम आला तो दसऱ्याच्याच दिवशी, सकाळच्या टपालात. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या काळात एलपी कोणी घेत नसे, जग सीडीचं होतं, पण आईने मुद्दाम मागवला होता. ती हॉस्पिटलात होती. बाबा पूजेला बसले होते.

आमचा दसरा असा असायचा: पाट, पाटावर धुतलेला टॉवेल, शाळेच्या पाटीवर खडूने काढलेली सरस्वती. पुढे माझं वाचनाचं पुस्तक, बाबांचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर, आईचा जुना स्टेथोस्कोप. नवा तिच्या गळ्यात कामावर गेलेला. पेशंटला दसरा नसतो, ती म्हणायची. झेंडूची फुलं हाउन्सलोहून. आपटा इथे कुठला? शेजाऱ्यांच्या झाडाची पानं बाबा कुंपणावरून हात घालून तोडायचे आणि प्रत्येक पानाला कात्रीने वर एक खाच पाडायचे, म्हणजे ते आपट्यासारखं दुभंगलेलं दिसे. झाडाचं नाव आम्हाला आजवर माहीत नाही. आणि पूजेत मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही. तिला सुट्टी.

बाबांना वाटलं, विद्येची नवी वस्तू दसऱ्याला आपणहून दारात आली, तिची पूजा झालीच पाहिजे. त्यांनी पाकीट फोडलं. कवटी निघाली.

मला ते स्पष्ट आठवतं. ते कव्हर दोन हातांत धरून बसले होते, आणि कवटी त्यांच्याकडे बघत होती.

मग त्यांनी आतली रेकॉर्ड काढली, ताटावर पापड ठेवावा तशी पाटावर ठेवली, बोट पाण्यात बुडवलं, हळदीत, मग कुंकवात, आणि टेकवलं. चांगलं दाबून. वर अक्षता टाकल्या. वर झेंडू.

संध्याकाळी आई आली. चपला काढताना तिची नजर पाटावर गेली.

"अहो. हे काय आहे?"

"दसरा."

"रेकॉर्डवर कुंकू लावलंत?"

"मग काय कव्हरवर लावू? कवटीला कुंकू लावतात का बाप्पा कोणी!"

आजही मला ते तर्काला धरूनच वाटतं.

वस्तूला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी रेकॉर्ड लागली नाही, धुतलीही नाही. रात्रभरात कुंकू वाळलं. दुसऱ्या दिवशी आईने डिस्टिल्ड वॉटर आणि गॉझ घेऊन जखम स्वच्छ करावी तशी ती पुसली. हळद गेली, अक्षता गेल्या, बरंचसं कुंकू गेलं. राहिला तो धब्बा, आणि त्यात कुठेतरी एक बारीक खडा, जो चरीतून निघेना. आई दोन दिवस बाबांशी रेकॉर्ड पालटताना बोलावं तेवढंच बोलली.

*

आता अल्बमचं. पहिल्या बाजूचं चौथं गाणं भिकार आहे, हे मी कबूल करते. समुद्र, घोडे आणि कोणीतरी बाई. ते त्यांनी का केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण उरलेलं नीट ऐका. गाणाऱ्याचा आवाज खाली उतरलाय, हे खरं. म्हणून गिटारवाल्यांनी तारा सैल केल्यात, संपूर्ण बँड त्याच्यासाठी खाली उतरलाय, जसे तिघे जण एका लंगडणाऱ्याबरोबर हळू चालतात आणि त्याबद्दल काही बोलत नाहीत. ड्रमवाला तरुणपणी दहा ठोके मारायचा तिथे दोन मारतो, आणि ते दोन बरोबर जागी असतात. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी याला मंदपणा म्हटलं. त्यांना पळणाऱ्यांचंच कौतुक. कोणी कोणासाठी वेग कमी केला की त्यांच्या वहीत तो नापास.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचं आहे. हळू सुरू होतं, तीन कडवी चढत जातं. आमच्या प्रतीत त्यावर दर फेऱ्याला एक 'टक्' होती, दूरच्या घणासारखी. आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी, गाणं अगदी टोकाला पोचलं की सुई त्या खड्यावर यायची, उचलली जायची आणि पलीकडे धाडकन मुख्य रिफवर, गिटारच्या त्या परत परत येणाऱ्या तुकड्यावर, पडायची. मला ती उडी गाण्यातलीच वाटायची. उत्तम वाटायची. कड्यावरून ढकलल्यासारखी.

आईने त्याच रेकॉर्डवरून गाडीसाठी कॅसेट भरली. उडीसकट. मग सगळे हिवाळे त्या कॅसेटचे. काचेवरचा बर्फ खरवडण्याचा आवाज, हीटरचा शिळा वारा, मागच्या सीटवर माझा ओला कोट, मोटरवेवरचे नारिंगी दिवे, आणि ते फाटक. मराठी शाळेला जाताना, पोहायला जाताना, मंडळाच्या गणपतीला ताट मांडीवर धरून जाताना. उडी जवळ आली की आई स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची. बोट खाली, रिफ खाली. मी मागे डोकं खाली. कधी चुकलं नाही.

मी सोळा वर्षांची असताना म्हातारे मँचेस्टरला वाजवायला आले. आई मला घेऊन गेली. हॉलभर टकलं, पांढऱ्या वेण्या, पोटावर ताणलेले काळे टी-शर्ट, सांडलेल्या बियरचा आणि ओल्या लेदरचा वास. आई कार्डिगनमध्ये, सपाट बुटांत, कानांत हॉस्पिटलचे पिवळे स्पंज. सगळ्या हॉलमध्ये कान झाकलेली ती एकटीच असेल.

त्यांनी ते गाणं घेतलं. तिसरं कडवं चढलं. आईचं बोट वर गेलं. आणि आम्ही दोघींनी, इतक्या वर्षांच्या सरावाने, पूर्ण जोर लावून डोकी खाली आपटली.

रिफ आलीच नाही.

हजारो माणसं ताठ उभी, वाट बघत, आणि मधे आम्ही दोघी वाकलेल्या, देवाला नमस्कार केल्यासारख्या. मग रिफ आली, हॉल वाकला, आणि आम्ही वर येत होतो. पुढचा धिप्पाड माणूस मागे वळला. "पहिल्यांदाच ऐकताय का, लव्ह?"

"नाही," आई ओरडून म्हणाली. "आमची कॉपी वेगळी आहे."

आम्ही इतक्या हसलो की उरलेलं गाणं ऐकलंच नाही. म्हणजे उडीने गाळलेल्या त्या मधल्या जागेत काय होतं, ते तेव्हाही निसटलं. परत येताना गाडीत कॅसेट लावली, आईने बोट उचललं, उडी जिथल्या तिथे होती. "आपलंच बरं," ती म्हणाली. पुढे अल्बम फोनवर आला, धुऊन-पुसून नव्याने काढलेली आवृत्ती आली, दामदुप्पट दराने. दोघींनी ऐकली नाही. एवढी निष्ठा मी संघटनेलाही दाखवलेली नाही.

यंदा मात्र, स्लाऊला येताना, ट्रेनमध्ये मी ती लावली. मला पुरावा हवा होता. ती मधली जागा पहिल्यांदा ऐकली. इतकी साधी निघाली की आईला सांगायची की नाही, ठरवता आलं नाही.

*

दसऱ्याच्या सकाळी पाट कुठल्या खोक्यात गेला ते सापडेना. बाबांनी उलट्या खोक्यावर टॉवेल घातला. पाना, जुना स्टेथोस्कोप, माझ्या बॅगेतलं पत्रकांचं एक बंडल ("हे तुझं हत्यार ना?"), शेजारी जमिनीवरच्या रेकॉर्ड प्लेअरवर एक झेंडू. आई अंघोळ करून आली आणि टेबलावर चाचपडायला लागली.

"अहो, माझी मशिनं कुठायत?"

बाबांनी खोक्याकडे बोट दाखवलं. छोट्या डबीत दोन वाटाणे, आणि डबीवर फूल.

"अहो!"

"कुंकू नाही लावलं," बाबा मोठ्याने म्हणाले. "शिकलोय मी."

"आता दिवसभर मला ऐकू कसं येणार?"

"आज त्यांना सुट्टी!"

"काय?"

"सुट्टी!"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग केसांना पंचा गुंडाळत म्हणाली, "बरं झालं. आज कोणाचंच ऐकायचं नाही."

दुपारी रेडिंगचा माणूस आला. कीथ. साठीचा, सौम्य, गुडघे करकरणारा. तो खोक्यांपुढे बसला आणि एकेक रेकॉर्ड दिव्याखाली धरून बघू लागला. म्हाताऱ्यांचे सुरुवातीचे अल्बम निघाले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "हे सोनं आहे," तो म्हणाला, आणि बाबांनी लगेच त्याला खाच पाडलेलं एक पान दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं. काहीच विचारलं नाही. इथली माणसं अशा बाबतीत चांगली असतात.

नंतरच्या रेकॉर्ड आल्या तसे त्याचे हात भरभर चालायला लागले.

"काय म्हणतोय?" आईने मला विचारलं.

"म्हणतोय, नंतरचे कोणी मागत नाही! खरं तर त्यांनी लवकर थांबायला हवं होतं!"

"कोण म्हणतं?"

"हाच!"

मी बोलणार होते. माझ्याकडे मुद्दे तयार होते, सैल तारा, दोन ठोके, लंगडणारा माणूस, सगळं. तेवढ्यात त्याने कवटी काढली, रेकॉर्ड तिरकी धरली आणि भुवया वर केल्या. "हे काय? रक्त?"

"आशीर्वाद," बाबा म्हणाले.

कीथने मान हलवली, जणू हे कारण तो रोज ऐकतो. "लावून बघू का?" तो रेकॉर्ड प्लेअरकडे वळला.

"नॉट टुडे," बाबा म्हणाले. "सॉरी. आज त्याला हॉलिडे आहे."

कीथचा हात झेंडूपाशी थांबला. व्हॅन बाहेर दुहेरी पिवळ्या रेघेवर, पार्किंगला बंदी तिथे, उभी होती. मी तोंड उघडलं. पण आईने, जिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं, फक्त थांबलेला हात दिसला होता, पुढे होऊन फूल उचललं, बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि कीथच्या हातातून रेकॉर्ड घेतली. दुसरी बाजू वर. तिसरं गाणं. सुई टेकवली. मग आवाजाचं बटण फिरवलं, आणि फिरवतच राहिली, मला आठवतंय तेवढ्या वर्षांत कधीच गेलं नव्हतं तिथपर्यंत.

खिडकीची काच थरथरली. ती जमिनीवर बसली आणि तळवा लाकडावर टेकवला.

मशिनांतून तिला नुसते खिळे येत होते. आज मशिनं डबीत होती. वरच्या पट्टीतलं सगळं तिला गेलंय, बारीक, टोकदार सगळं. पण खालचं नाही. आणि हा अल्बम, तुम्हाला सांगते, सगळाच्या सगळा खाली आहे. एका उतरलेल्या आवाजासाठी खाली आणलेला. टक्, टक्, टक्, कुंकू फिरत होतं. तिने डोळे मिटले नाहीत. ऑपरेशन चालू असताना बघत असेल तशी समोर बघत होती. पहिलं कडवं. दुसरं. मला तिचा चेहरा वाचता येत नव्हता, कधीच येत नाही. तिसरं कडवं चढलं, आणि तिच्या दुसऱ्या हाताचं एक बोट मांडीवरून वर आलं.

सुई उडाली. बोट खाली, रिफ खाली.

कीथ दात दुखल्यासारखा कळवळला. गाणं संपल्यावर त्याने मला हळूच सांगितलं की ही घेता येणार नाही, उडते.

मी आईला ओरडून सांगितलं.

"त्याला सांग, ही द्यायचीच नव्हती."

"काल सगळ्या म्हणालीस!"

"काल कानांत मशिनं होती."

"मग बाकीच्या? त्यापण ठेवायच्या?"

तिने खोक्यांकडे पाहिलं. कव्हरांवर तरुण म्हातारे, लांब केस, उघड्या छात्या. "नको. त्या नेऊ दे त्याला. त्या पोरांशी मला आता काय बोलायचंय?"

कीथ एकेक खोकं घेऊन गेला. शेवटच्या फेरीत तो दारात थांबला, खिशातलं पान बाहेर काढून पाहिलं, परत आत ठेवलं आणि गेला. रिकाम्या खोलीत आवाज वेगळा घुमायला लागला. बाबा झेंडू हातात घेऊन तसेच उभे होते, तो आता कुठे ठेवायचा ते न कळून. आईने सुई उचलून पुन्हा तिसऱ्या गाण्यावर आणली. यावेळी मी दुसऱ्या स्पीकरला पाठ लावून बसले. पाठीच्या कण्यातून गाणं कळतं, हे मला माहीत नव्हतं.

उडी झाली. आई माझ्याकडे वळली.

"तिथे काय आहे गं? तू ऐकलंयस. काल आल्यापासून तुझ्या तोंडावर आहे."

"काही नाही!"

"काय?"

"श्वास घेतो!" मी ओरडले. "म्हातारा श्वास घेतो! मोठा! बाकी काही नाही!"

भूल देणाऱ्या डॉक्टरने यावर विचार केला.

"आणि बाकीचे? ते थांबतात का?"

"थांबतात!"

"मग झालं," आई म्हणाली. "बाजू पालट."